वाकड्या प्रती

३ मार्च, सोमवार

डॉक्टर म्हणाले, "राग आला की ओरडू नका, लिहून काढा. रक्तदाब खाली येईल." म्हणून ही डायरी. ती त्यांना कुठल्याशा औषध कंपनीनं फुकट दिली होती, त्यांनी मला फुकट दिली आणि तपासणीची फी मात्र चोख घेतली. घ्या, पहिला राग लिहून झाला. रक्तदाब आहे तिथेच आहे.

बायकोला सांगितलं तर म्हणाली, "लिहा, लिहा. निदान घराला तेवढीच शांतता." ती लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. दिवसभराची सवय घरी आल्यावर लगेच कशी सुटेल, एवढंच म्हणतो.

माझं झेरॉक्सचं दुकान. वडिलांनी टाकलं, मी चालवतो. समोर कचेरी असल्यामुळे ओळखपत्रं, जन्माचे दाखले, सह्यांचे कागद, सगळ्या जगाची कुंडली माझ्या काचेवरून जाते. वडिलांची शिकवण एकच होती, कागद वाया घालवायचा नाही. प्रत वाकडी आली, काळी पडली, अर्धीच छापली, तरी फेकायची नाही. ती टोपलीत जाते आणि संध्याकाळी शेजारचा खिळेशेठ टोपली रिकामी करून नेतो. त्याचं खिळ्या-स्क्रूंचं दुकान. माझ्या वाया गेलेल्या कागदांत त्याच्या पुड्या बांधल्या जातात आणि त्या बदल्यात मला संध्याकाळचा चहा येतो. त्याचे वडील आणि माझे वडील होते तेव्हापासून हे असंच चालू आहे. पर्यावरण पर्यावरण करून जे घसा कोरडा करतात त्यांनी एकदा येऊन बघावं.

५ मार्च, बुधवार

आज बँकेत भाषणाला गेलो. विषय होता, "तुमची ओळख चोरीला जाऊ शकते." मी गेलो ते नंतर खायला होतं म्हणून, खोटं कशाला लिहू.

बोलायला एक तरुण अधिकारी बाई होत्या. म्हणाल्या, "चोराला तुमचं घर फोडायची गरज नाही. नाव, जन्मतारीख, फोन नंबर, सहीचा नमुना, एवढं हाताला लागलं की तो 'तुम्ही' होतो." मी हात वर करून विचारलं, "मी होऊन त्याला मिळणार काय? रक्तदाब?" सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी एका माणसाची गोष्ट सांगितली. त्याच्या नावानं दुसऱ्यानंच नवं सिम काढलं, आणि याचा फोन बसल्या जागी मुका झाला. "त्यांना वाटलं, रेंज गेली," बाई म्हणाल्या. "रेंज नव्हती गेली. ते स्वतःच गेले होते."

माझी पाचावर धारण बसली. खायला घेतलेलं तसंच हातात राहिलं.

तेव्हा आजपासून ठरलं. माझ्या घरातून माहितीचा एक कणही बाहेर जाणार नाही. कुठलाही कागद फाडल्याशिवाय टाकायचा नाही. अनोळखी फोनवर समोरचा कोण आहे ते कळेपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही. सगळे पासवर्ड बदलायचे. संध्याकाळी खिळेशेठच्या हातात टोपली देता देता त्याला सगळं भाषण पुन्हा ऐकवलं. तो म्हणाला, "झेरॉक्स, जग फार वाईट झालंय रे." आणि दोन गठ्ठे बगलेत मारून गेला.

८ मार्च, शनिवार

पासवर्ड बदलले. आता माझ्या फोनमध्ये मलाच शिरता येत नाही. बायकोच्याही नाही, कारण तिचाही मीच बदलला होता, तिला न सांगता, सुरक्षा म्हणून. ती काय काय म्हणाली ते इथे लिहिलं तर डायरी जप्त होईल.

दुसरी भानगड. जुनी बिलं, बँकेची पत्रं, माझे रक्ताचे रिपोर्ट, सगळं बारीक फाडलं. केराच्या डब्यात टाकलं तर कुणी जोडून वाचेल, म्हणून संडासात टाकून पाणी सोडलं. दुपारपर्यंत संडास तुंबला. प्लंबर आला, त्यानं कोपरापर्यंत हात घालून लगदा काढला आणि सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "साहेब, कोलेस्टेरॉल वाढलंय तुमचं!"

दुकानातल्या फोनचा नियम मात्र कडक पाळतोय. हा फोन वडिलांच्या वेळचा, वायरचा, नंबर पाटीवर अजून तोच. आज वाजला तर मी उचलून गप्प बसलो. पलीकडचाही गप्प. मग म्हणाला, "हॅलो?" मी गप्प. "हॅलो, कागदाची ऑर्डर द्यायची नाही का या महिन्यात?" आवाज ओळखीचा वाटला, पण आवाजाचीही नक्कल करतात असं बाई म्हणाल्या होत्या. मी फोन ठेवला. आता कागद संपत आलाय.

११ मार्च, मंगळवार

आत्या दुकानात आली. वडिलांची बहीण, मागच्या गल्लीत एकटी राहते. आई गेल्यावर मला हिनंच वाढवलं, त्यामुळे माझ्यावर ओरडायचा परवाना तिच्याकडे आजन्म आहे. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ओळखपत्राची प्रत हवी होती, खाली सही आणि फोन नंबर लिहून.

तिची बडबड सुरू असली की माझा हात स्थिर राहत नाही. "बारीक झालास," म्हणाली, पहिली प्रत तिरकी आली. "बायको जेवायला घालते ना?" म्हणाली, दुसरीचा कोपराच कापला गेला. आणि बाईसाहेबांनी कागद नीट न बघता दोन्ही वाकड्या प्रतींवरच सह्या ठोकल्या, नंबरही टाकला. "दिसत नाही म्हणूनच ऑपरेशन करतेय ना," वर मलाच ऐकवलं.

तिसरी फर्स्टक्लास आली. तिच्यावर मी दोन आडव्या रेघा मारून मधे लिहिलं, "फक्त डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी," आणि तारीख घातली. बँकेतल्या बाईंनी शिकवलेली युक्ती. अशी प्रत चोराच्या हाती लागली तरी त्याला दुसरीकडे कुठे चालवता येत नाही. "बघ आत्या," म्हटलं, "आता कुणाचा बाप तुझी ओळख चोरू शकणार नाही." वाकड्या दोन्ही टोपलीत टाकल्या.

१३ मार्च, गुरुवार

आत्याच्या घरी जाऊन तिला सगळे नियम शिकवले. खात्यांसाठी गुपित प्रश्न ठरवायचा होता. मी विचारलं, "तुझ्या मांजरीचं नाव काय होतं, सांग."

"कुठल्या मांजरीचं?"

"कुठल्या म्हणजे? ढमी. एकच तर होती."

आत्या हसली. "दोन होत्या. खरी ढमी पावसाळ्यात गेली ती आलीच नाही. बारकी रडून रडून तापली. महिन्याभरानं एक दारात येऊन बसली, तसलीच पांढरी, तशीच गुबगुबीत. पण ही वेगळी, हिच्या पंजाला एक बोट जास्त. बारकी म्हणाली, आई, ढमी आली! मी म्हटलं, आली बाई. तिला आजतागायत माहीत नाही."

"म्हणजे तोतया!" मी म्हटलं. "बघ, तेव्हापासून ओळखीच्या चोऱ्या चालू आहेत."

"तोतया तर तोतया. उंदीर खरे मारायची. मी काय तिच्याकडे ओळखपत्र मागू?"

बारकी म्हणजे आत्याची मुलगी, माझी आतेबहीण. लहानपणी शाळा सुटली की माझ्या दुकानातच पडीक असायची. काउंटरखाली बसून दुकानाचा फोन उचलायची आणि गिऱ्हाईकाला म्हणायची, "मालक जेवतायत," मग दुपारचे चार का वाजलेले असेनात. मोठी झाल्यावर लग्नावरून मायलेकींचं वाजलं. आत्यानं तोंड सोडलं, बारकीनं घर सोडलं. आठ-नऊ वर्षं झाली. कुठे आहे कुणाला माहीत नाही, आणि आत्याही तिचं नाव काढत नाही. आज काढलं, ते मांजरीच्या नादात.

नियम समजावत होतो तेवढ्यात तिचा फोन वाजला. स्क्रीनवर नंबरच नाही. आत्यानं झडप घालून उचलला. पलीकडून कुणी बोलेना. मला वाटलं, ठेवेल. तर ती खुशाल बोलत सुटली! "आज पाणी उशिरा आलं. डोळ्याचं ऑपरेशन एकवीस तारखेला आहे, घाबरण्यासारखं नाही. गॅलरीतल्या कुंडीला फूल आलंय. गुडघा बराय." मी थक्क. भाषणात सांगितलं होतं ते हेच, मुके फोन करून चोर आधी अंदाज घेतात, आणि ही त्यांना ऑपरेशनच्या तारखेसकट सगळं सांगतेय!

मी फोन हिसकावला. पलीकडे कुणी तरी श्वास घेत होतं, साफ ऐकू आलं. मी असा ओरडलो की डॉक्टरांनी फी परत केली असती. "कोण आहेस रे? म्हाताऱ्या बाईला त्रास देतोस? पोलिसात देईन, पुन्हा या नंबरवर फोन केलास तर!" फोन कट झाला.

आत्यानं माझ्या हातातून फोन घेतला. म्हणाली, "जा घरी." एवढंच. शिवी नाही, धपाटा नाही. चूक लक्षात आली असणार बिचारीच्या. निघता निघता विचारलं तर कळलं, असे फोन गेली काही वर्षं येतायत, दर दोन-तीन आठवड्यांनी. वर्षानुवर्षं चोर मागावर आहे आणि घरात कुणाला पत्ता नाही!

१५ मार्च, शनिवार

खिळेशेठ आज खुशीत होता. त्याला नवं गिऱ्हाईक लागलंय. टोपी घातलेला, गोडबोल्या, रोज येतो. रोज पाच-सहा स्क्रू घेतो, पण एका पुडीत नको म्हणतो. "प्रत्येक स्क्रू वेगळ्या पुडीत बांधा, शेठ. मिसळले की घोटाळा होतो." काल स्क्रू प्लॅस्टिकच्या पिशवीत देऊ का म्हटलं तर म्हणाला, नको, कागदच बरा, मी पर्यावरणवाला आहे.

"सगळे असे पाहिजेत," मी म्हटलं. कसलं कपाट बनवतोय कोण जाणे. आमच्या दोघांच्या वडिलांना हा माणूस फार आवडला असता.

१९ मार्च, बुधवार

आत्याचा फोन मुका झाला.

सकाळी तीच दुकानात आली, हातात फोन, चेहरा पांढरा. "आवाजच येत नाही. बघ रे." मी बघितलं. सिम बंद. बँकेतल्या बाईंचं वाक्य कानात वाजलं. तिला घेऊन तडक फोन कंपनीच्या दुकानात गेलो.

काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "आजी, तुमचं नवं सिम तर परवाच दिलं. तुमचा मुलगा घेऊन गेला. आईला चालवत नाही म्हणाला, तुमच्या सहीचं पत्रही होतं."

"मला मुलगा नाही," आत्या म्हणाली. मग थांबून म्हणाली, "एक मुलगी आहे."

मी त्या पोराला फाडून खाल्लं. जोडलेले कागद दाखव म्हटलं. त्यानं ओळखपत्राची प्रत काढली. काय ती प्रत! वाकडी, वरचा कोपरा कापलेला. मी म्हटलं, "असली घाणेरडी प्रत तू घेतलीसच कशी? आधी ज्या गाढवानं ही काढलीय त्याच्या मशीनला आग लावली पाहिजे. आणि याच्यावर आडव्या रेघा कुठायत? कशासाठी दिलीय ते कुठे लिहिलंय?" पोरगा कानकोंडा झाला. मला बरं वाटलं. चार लोकांत कुणी तरी शहाणा आहे हे त्यांना कळलं.

बँकेत गेलो. थोडंफार गेलं होतं, बाकीचं त्यांनी थांबवलं. पोलिसात तक्रार झाली. आत्या पैशांचं काही विचारतच नव्हती. तिचं एकच पालुपद. "माझा नंबर कधी मिळेल?" कंपनीवाले म्हणाले, चौकशी होईपर्यंत नंबर गोठवलाय, त्यावर फोन केला तर 'हा नंबर अस्तित्वात नाही' असं ऐकू येईल. नवा नंबर आत्ता देतो, म्हणाले. आत्या म्हणाली, "नवा नको. मला हाच हवा." मी म्हटलं, "आत्या, हट्ट कसला? आकडेच ते. नवे पाठ कर." तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी लहानपणी काच फोडली होती तेव्हा सुद्धा असं बघितलं नव्हतं.

एकवीसचं ऑपरेशनही पुढे ढकल म्हणते.

२० मार्च, गुरुवार

बायकोला सगळं सांगत होतो. आत्याचा हट्ट, मुके फोन, मी त्या चोराला कसा दम भरला. ती भांडी पुसत होती. पुसायची थांबली.

"तुम्ही ओरडलात? त्या फोनवर?"

"मग काय आरती ओवाळू?"

"अहो, दर दोन-तीन आठवड्यांनी. वर्षानुवर्षं. पैसे मागत नाही, काही विकत नाही. नुसतं ऐकून घेतं. आणि आत्या कुंडीतल्या फुलाचं सांगतात. तुम्ही खरंच इतके बथ्थड आहात, का मला चिडवायला करता?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

ती पुन्हा भांडी पुसायला लागली. मी खुर्चीत बसलो. हळूहळू, म्हणजे फारच हळूहळू, डोक्यात उजेड पडला. बारकी.

आत्यानं आठ-नऊ वर्षं नंबर का बदलला नाही ते कळलं. पोरीला बोलायचं नाही, पण आईचा आवाज ऐकायचाय. आईला माफी मागता येत नाही, पण पाणी उशिरा आलं हे सांगता येतं. दोघींनी मिळून एवढीच एक फट उघडी ठेवली होती, आणि मी तिच्यात तोंड घालून पोलिसांची धमकी दिली. आणि आता तर नंबरच नाही.

डॉक्टर, राग आलाय. स्वतःचा आलाय. लिहून उतरत नाही.

२२ मार्च, शनिवार

आजचं अक्षर कुणाला वाचता आलं नाही तर बरंच.

टपालपेटीला कुलूप लावायचं ठरवलं होतं, पत्रं कुणी चोरू नयेत म्हणून. कडी-कोयंड्यासाठी खिळेशेठकडून चार स्क्रू घेतले. त्यानं सवयीनं पुडी बांधून दिली. घरी आलो, पुडी सोडली, स्क्रू तळहातावर ओतले आणि कागद सरळ केला.

कागदातून आत्या माझ्याकडे बघत होती.

तिरकी. खाली सही. खाली नंबर. जन्मतारीख. तिची पहिली वाकडी प्रत, मीच टोपलीत टाकलेली. आणि दुसरी, कोपरा कापलेली... ती त्या दिवशी फोन कंपनीच्या काउंटरवर बघून मी म्हटलं होतं, कुठल्या गाढवानं काढली.

तसाच धावत खाली गेलो. खिळेशेठचा पुड्यांचा गठ्ठा उलटा केला. कचेरीतला शिपाई, चष्मेवाल्याची बायको, मागच्या बिल्डिंगमधले नवरा-बायको जोडीनं, एका बाळाचा जन्माचा दाखला. सगळी वस्ती स्क्रू बांधायला तयार बसलेली. मी घरचे कागद संडासात घालत होतो आणि इकडे गावाची ओळख पुड्या बांधून विकत होतो. चहाच्या बदल्यात.

खिळेशेठ पिवळा पडला. "तो टोपीवाला," म्हणाला. "प्रत्येक स्क्रू वेगळ्या पुडीत."

चहा आला, कुणी घेतला नाही.

२४ मार्च, सोमवार

हवालदारांना बोलावलं. ते खिळेशेठच्या दुकानात रंगाच्या डब्यांआड बसले. साडेदहाला टोपीवाला आला. "सहा स्क्रू. वेगवेगळ्या पुड्या." खिळेशेठनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिले. टोपीवाला म्हणाला, "कागद नाही का?" खिळेशेठ म्हणाला, "संपला." तो म्हणाला, "मग राहू दे." इथे हवालदार बाहेर आले.

टोपीवाल्यानं मान ताठ केली. "स्क्रू विकत घेणं गुन्हा आहे का?" पण त्याच्या खोलीत स्क्रूंची बरणी भरलेली सापडली, आणि कागद इस्त्री करून रचलेले. इस्त्री करून! माझ्यापेक्षा नीटनेटका. कपाट वगैरे काही नव्हतं.

हवालदारांनी मला बाजूला घेतलं. "यानं चोरी केली, मान्य. पण माल घरपोच कोण देत होतं?" मी नेहमी बोलून घेतो. आज टोपली उचलून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ताकीद दिली, कागद जप्त केले आणि जाता जाता म्हणाले, "तुम्हीच ना ते, बँकेतल्या भाषणाला हात वर करणारे?"

२५ मार्च, मंगळवार

सकाळी कागद कापायचं यंत्र दुकानात बसवलं. आता वाकडी प्रत गिऱ्हाईकासमोर शेवया होऊन बाहेर येते. मग पुड्यांत नावं सापडली त्या प्रत्येकाच्या घरी गेलो आणि स्वतःच्या तोंडानं सांगितलं. चष्मेवाल्याच्या बायकोनं दार तोंडावर आपटलं. बरोबरच केलं तिनं.

शेवटी आत्याकडे. सगळं सांगितलं. टोपली, पुडी, मुका फोन, सगळं. ती आता तोंडाचा पट्टा सोडेल, चप्पल फेकून मारेल, असं वाटत होतं. खरं म्हणजे तिनं ते करावं असंच वाटत होतं.

ती म्हणाली, "म्हणजे नंबर कधी मिळेल?"

"महिना लागेल म्हणतात. मिळेलच असं नाही."

"बरं," म्हणाली. कोपऱ्यात तो मेलेला फोन चार्जिंगला लावलेला होता. रोज लावते. मला इतकी लाज वाटली की चहा न घेता उठलो.

२९ मार्च, शनिवार

आजचं सगळं लिहितो, क्रमानं, काही न वगळता.

दुपारी दुकानात गर्दी होती. फोन वाजला. वायरचा. मी उचलला आणि नव्या सवयीनं गप्प बसलो. पलीकडेही गप्प. मी म्हटलं, कागदवाला असेल. पण कागदवाला हॅलो म्हणतो. हा म्हणेना. नुसता श्वास.

तो श्वास मी एकदा ऐकला होता.

भाषणातले सगळे नियम डोळ्यांपुढे आले. अनोळखी फोनवर काही सांगू नका. नाव सांगू नका, पत्ता सांगू नका, घरात कोण कधी एकटं असतं ते तर मुळीच सांगू नका. काउंटरवर चौघं जण कागद घेऊन उभे होते. आणि मी तोंड उघडलं.

"आत्या बरी आहे," म्हटलं. "जिवंत आहे, ठणठणीत आहे. नंबर गेला तो चोरीला गेलाय, ती नाही गेली. त्या दिवशी फोनवर ओरडला तो मीच, मूर्ख, मला कळलं नाही. नंबर गेला तोही माझ्यामुळेच, ते पुढे सांगतो. घर तेच आहे, मागची गल्ली, दुसरा मजला. दिवसभर एकटीच असते. दाराची कडी दुपारी नसतेच. डोळ्याचं ऑपरेशन तिनं पुढे ढकललंय, फोन आला आणि आपण दवाखान्यात असलो तर, म्हणून. बंद पडलेला फोन रोज चार्ज करते ती. कुंडीला दुसरं फूल आलंय. ऐकतेस ना?"

नुसता श्वास. काउंटरवरची चार माणसं कागद धरून थिजली होती.

मग मला भीती वाटली. टोपीवाल्याचा साथीदार असला तर? दाराच्या कडीपर्यंत सगळं सांगून बसलो. म्हटलं, शेवटचा नियम तरी पाळू.

"थांब," म्हटलं. "एक प्रश्न विचारतो. घरच्या माणसालाच येईल. आत्याच्या मांजरीचं नाव काय होतं?"

मग आवाज आला, जाडसर झालेला, पण तोच, काउंटरखालून यायचा तो.

"कुठल्या मांजरीचं, दादा? खरीचं का मागून आली तिचं?"

मी रिसीव्हर काउंटरवर ठेवला नाही, ठेवलाच नाही. पोटाशी धरून दाराकडे निघालो, वायर पुरली नाही, तिथूनच बोंब मारली, "खिळेशेठ! आत्याला आण! पळ!" तो ढेरपोट्या माणूस आयुष्यात पहिल्यांदा पळताना बघितला. मी परत फोनवर आलो आणि काय बडबडत होतो देव जाणे. मालक जेवतायत, असं पण म्हणालो. ती हसली की रडली, नीट कळलं नाही.

आत्या आली. एका पायात तिची चप्पल, एका पायात खिळेशेठची. मी रिसीव्हर तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "तिला दोन मांजरींचं माहीत होतं."

"माहीत होतं?" आत्या म्हणाली. "कार्टीला माहीत होतं?"

तिनं रिसीव्हर कानाला लावला आणि नेहमीसारखीच सुरुवात केली. "आज पाणी..." आणि तिथेच थांबली. पलीकडून कुणी तरी बोलत होतं. आत्यानं काउंटरची कड धरली. मी स्टूल पुढे सरकवलं, ती बसली. गिऱ्हाइकं कागद घेऊन उभीच होती, कुणी घाई केली नाही, मीही मशीन चालू केलं नाही. आत्या काही न बोलता ऐकत होती.